काम परदेशात का जातं, हिशोब स्वतः कसा मांडायचा

कारखाना बंद होऊन काम दुसऱ्या देशात गेलं की कामगारांना एकच कारण ऐकवतात, तिकडे पगार कमी आहेत. हे अर्धंच खरं आहे, आणि त्यात दोष कामगाराच्या पगाराच्या माथी मारला जातो याचा मला राग येतो. म्हणून आपलं काम हलण्यासारखं आहे का ते स्वतःच तपासा.

आधी एका नगामागे मजुरी किती पडते ते काढा, नुसता पगार बघू नका. समजा एकीकडे तासाला ४० मिळतात आणि २० नग निघतात, म्हणजे नगामागे २. दुसरीकडे तासाला फक्त ८ पण जुन्या मशीनवर ४ च नग, म्हणजे तिथेही २ च. अशा वेळी काम हलवण्यात काहीच फायदा नाही. पण तिकडे हीच नवी मशीन बसली, नग २० झाले आणि पगार ८ च राहिला की नगामागे ०.४ पडतात, आणि काम जातं ते तेव्हा.

मग एकूण खर्चात मजुरीचा वाटा बघा. कापड मऊ असतं, मशीनला ते नीट धरता येत नाही, त्यामुळे शिलाईला अजूनही माणसाचे हात लागतात आणि शिलाईचं काम भराभर हलतं. चिप बनवण्यात मजुरीचा वाटा लहान, तिथे वीज, पाणी, इंजिनिअर आणि सरकारी अनुदान बघतात.

वाहतुकीचा हिशोब सोपा आहे, वजनाच्या मानाने मालाची किंमत किती एवढंच बघा. सिमेंट शक्यतो जवळच बनतं, फोन कुठूनही येतो. १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं, त्याआधी पेट्या-पोती एकेक करून चढवावी लागायची.

व्यापाराच्या नियमांवर मात्र नीट लक्ष ठेवा. १९९४ ला नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार, लागू झाला, डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, २००५ च्या सुरुवातीला कपड्यांच्या आयातीवरचे कोटे, म्हणजे ठरलेल्या मर्यादा, संपले. अमेरिकेत २००० साली कारखान्यांमधे साधारण १ कोटी ७० लाख नोकऱ्या होत्या, २०१० पर्यंत त्या १ कोटी १५ लाखांच्या आसपास आल्या. सगळं आयातीमुळे झालं असं नाही, ऑटोमेशन आणि २००८ ची मंदी पण त्यात आहे, पण आयातीचा वाटा मोठा होता.

आता जी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते ती म्हणजे आजूबाजूचे सप्लायर. चीनमधलं शेन्झेन शहर १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झालं आणि हळूहळू स्क्रू, केबल, सर्किट बोर्ड, मोल्ड (साचे) बनवणारे सगळे एकमेकांच्या जवळ येऊन बसले, एखादा पार्ट चुकला तर दुसरा लगेच मिळतो, म्हणून चीनमधले पगार वाढत गेले तरी सगळं काम तिथून निघून गेलं नाही. आदिदासने जर्मनीत आन्सबाखला आणि अमेरिकेत अटलांटाजवळ रोबोटवर चालणारे बुटांचे कारखाने काढले होते, मजुरीचा प्रश्नच कमी केला होता, तरी २०१९ मध्ये ते बंद करायचं जाहीर केलं आणि ते तंत्रज्ञान आशियातल्या सप्लायरकडे वापरायचं ठरवलं.

आणि कमी खर्च कुठून आला तेही विचारा. २०१३ मध्ये बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून जास्त माणसं गेली, त्यातले बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. तिकडचा कामगार आपला शत्रू नाही, त्याच्या सुरक्षेवरचा खर्च कुणीतरी वाचवलेला असतो.

आता रोजच्या कामात दिसणाऱ्या खुणा. नवीन मशीन घेणं थांबतं, जुन्याची दुरुस्ती पण पुढे ढकलतात, प्रत्येक स्टेप लिहून आणि व्हिडिओ काढून मागतात, दुसऱ्या देशातून लोक ट्रेनिंगला येतात. आणि मोल्ड किंवा डाय (पार्ट घडवायचे ठसे) पॅक होऊन बाहेर जाताना दिसले तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात युनियनकडे जा, भरपाई आणि नोटीसचे नियम लेखी मागून घ्या.