ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या आयरिश कैदी पूर्वजाचं मूळ गाव कसं शोधायचं

सगळ्यात आधी सांगते, आयर्लंडपासून सुरुवात करू नका. जिकडेतिकडे हाच सल्ला मिळतो की आडनाव टाका, काउंटी (म्हणजे जिल्हा) निवडा आणि सर्च मारा, मग एकाच नावाची चाळीस माणसं समोर येतात आणि त्यातलंच एक आपलं मानून लोक फॅमिली ट्री पूर्ण करून मोकळे होतात. मी लग्न होऊन सिडनीला आले, नवऱ्याच्या आजीकडची मंडळी आयरिश कन्व्हिक्टच्या, म्हणजे शिक्षा म्हणून इकडे हद्दपार केलेल्या कैद्याच्या वंशातली. आपल्याकडे कुलवृत्तांत असतो, नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत चार पिढ्या तरी सापडतात, इथे मात्र कैद्याला घेऊन आलेल्या जहाजाच्या मागे काहीच नाही, हे बघून मी हे काम हातात घेतलं. तेव्हापासून सासरचं आणि ओळखीतल्यांचं धरून पंधरा-सोळा घराणी शोधून झालीत, म्हणून ठामपणे सांगते.

पहिलं काम ऑस्ट्रेलियातच. स्वतःपासून मागे मागे जात जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले काढा. न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासूनच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांची नावं आणि जन्मठिकाण लिहायची जागा असते, व्हिक्टोरियात १८५३ पासून. फक्त हे बघा की माहिती देणारं कोण होतं, कारण जावयाला सासऱ्याच्या आईचं नाव माहीत असेलच असं नाही.

दुसरं काम, जहाज पक्कं करणं. नुसतं नाव म्हणजे ओळख नाही, नाव, जहाज आणि पोचल्याचं वर्ष ही तिन्ही मिळून ओळख. एकाच जहाजाच्या अनेक फेऱ्या झाल्यात आणि एकाच फेरीत दोन-दोन जॉन केली असायचे. तिकीट ऑफ लीव्ह (शिक्षा संपायच्या आधीच मोकळं राहून काम करायची परवानगी), सुटकेचं सर्टिफिकेट, लग्नाच्या परवानगीचा अर्ज, यातल्या कशावर तरी जहाजाचं नाव असतंच. आणि जहाज निघालं कुठून तेही बघा. थेट आयर्लंडहून आलेलं पहिलं जहाज ‘क्वीन’, १७९१ साली कॉर्कहून निघालेलं, पण पुष्कळ आयरिश लोक इंग्लंडमध्ये लँकशायर किंवा लंडनला मजुरीला गेले आणि तिथेच पकडले गेले. अशा माणसाचा खटला डब्लिनच्या कागदात शोधत बसू नका, तो तिथे नसणार.

तिसरं, जहाजाची कैद्यांची यादी, तिला इंडेंट म्हणतात. साधारण १८२६ नंतरच्या इंडेंटमध्ये वय, धर्म, लिहितावाचता येतं का, धंदा, गुन्हा, अंगावरच्या खुणा आणि ‘नेटिव्ह प्लेस’, म्हणजे मूळ ठिकाण, असं सगळं मिळतं. त्याआधीच्या यादीत फारसं काही नाही. टास्मानियाला गेलेला असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण तिथल्या नंतरच्या वर्षांच्या कागदात भावाबहिणींचीसुद्धा नावं लिहिलेली असतात आणि ते स्कॅन फुकट बघता येतात.

आता खरं अवघड काम. नेटिव्ह प्लेसपासून खऱ्या गावापर्यंत पोचणं. बहुतेक जण इथेच चुकतात, मीही चुकले.

खटला जिथे चालला ते ठिकाण वेगळं आणि जन्माचं ठिकाण वेगळं, इंडेंटमध्ये दोन्ही शेजारी शेजारी असतात. नवऱ्याच्या आजीकडची ती कैदी पूर्वज एक बाई होती, १८३७ सालची, कपडे चोरल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा, खटला लिमरिकला. मी लिमरिक शहर धरलं आणि आठ महिने तिथल्या चर्चची पानं चाळली, एकेक पान मोठं करून डोळे फुटेस्तोवर. पुढच्याच रकान्यात ‘क्लेअर’, म्हणजे दुसरीच काउंटी, लिहिलेलं होतं आणि मी ते वाचूनही सोडून दिलं होतं, कारण कुणीतरी आधीच एका ट्रीमध्ये लिमरिक टाकून ठेवलेलं. ते आठ महिने गेले ते गेलेच. दुसऱ्याच्या ट्रीवरून काहीही उचलू नका, मूळ कागदाचा फोटो स्वतः बघा आणि प्रत्येक रकाना शेवटपर्यंत वाचा.

बरं, काउंटी कळली तरी काम अर्धंसुद्धा झालेलं नसतं. आयर्लंडमध्ये पत्ता म्हणजे टाउनलँड, आपल्याकडच्या वाडीसारखं काहीतरी, आणि अशी टाउनलँड साठ हजाराच्या वर आहेत. आणि नावंही सारखीच. ‘बॅली’ म्हणजे वस्ती, ‘नॉक’ म्हणजे टेकडी, ‘किल’ म्हणजे चर्च किंवा कधी रान, आणि कॅरोमोर नावाची टाउनलँड तर ठिकठिकाणी सापडतात. त्यात लिहिणारा इंग्रज कारकून, सांगणारा आयरिश भाषा बोलणारा, त्यामुळे कानाला जसं लागलं तसं लिहिलेलं. म्हणून ते नाव मोठ्याने म्हणून बघा, स्पेलिंगला चिकटू नका, आणि मग १८५१ च्या टाउनलँड इंडेक्समध्ये त्या काउंटीपुरतंच त्याच्या जवळ जाणारं नाव शोधा.

इंडेंटमध्ये फक्त काउंटी असेल, आणि बहुतेक वेळा तसंच असतं, तर मी या क्रमाने जाते. आधी कबरीचा दगड. ऑस्ट्रेलियातल्या आयरिश कबरींवर पुष्कळदा ‘अमुक पॅरिश, अमुक काउंटीचा’ असं कोरलेलं असतं (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), त्याचा नसेल तर भावाचा, मेहुण्याचा, त्याच जहाजावरच्या सोबत्याचाही बघा. मग पुरुष असेल आणि बायको मागे राहिलेली असेल तर बायकोमुलांना सरकारी खर्चाने बोलवायचा अर्ज, त्यात ती कुठे राहते आणि तिथलं कोण तिला ओळखतं हे लिहायला लागायचं, सरळ पत्ताच मिळतो. मग डब्लिनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमधले दयेचे अर्ज. १८३६ पर्यंतचे एका मालिकेत, त्यानंतरचे दुसऱ्या मालिकेत. जमीनदार, पाद्री, शेजारी सह्या करून सांगतात की हा माणूस चांगल्या घरचा आहे, म्हातारी आई आहे, शिक्षा कमी करा. यातलं एक पान मिळालं ना, तर दहा इंडेंटपेक्षा जास्त कळतं. आमच्या बाईच्या फाईलमध्ये तिच्या बापाने सहीच्या जागी फुलीची खूण केलेली होती आणि टाउनलँडचं नाव होतं, मी तो कागद टेबलावर ठेवून कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

नॅशनल अर्काइव्ह्जचा कैद्यांचा डेटाबेस फुकट आहे, १९८८ साली आयर्लंडने ऑस्ट्रेलियाला दिलेल्या मायक्रोफिल्मवरून बनवलेला. पण तिथे नाव नाही मिळालं तर ‘रेकॉर्डच नाही’ असं म्हणून सोडू नका. हद्दपारीची रजिस्टर १८३६ पासूनचीच उरलीत, त्याआधीची १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टाच्या आवारातल्या सरकारी दप्तरखान्याच्या आगीत गेली. त्याच आगीत १८२१ ते १८५१ च्या जनगणनेची जवळजवळ सगळी पानंही गेली, त्यामुळे कुणी १८४१ ची जनगणना बघायला सांगत असेल तर त्याने हे काम कधी केलेलं नाही असं समजा.

जनगणनेच्या जागी दोन गोष्टी वापरायच्या. १८२३ ते १८३७ चे टाइथ अॅप्लॉटमेंट बुक्स, म्हणजे जमिनीवरच्या चर्चच्या कराच्या वह्या, आणि १८४७ ते १८६४ चं ग्रिफिथ व्हॅल्युएशन, म्हणजे करासाठी केलेली जमिनी आणि घरांची मोजदाद. दोन्हीत फक्त जमीन कसणाऱ्या, घर धरणाऱ्या कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, मजूर आणि बायकामुलं नसतात, त्यामुळे आपला माणूस तिथे मिळेल अशी आशा ठेवूच नका. त्याचा उपयोग वेगळा. त्या काउंटीत ते आडनाव कुठल्या पॅरिशमध्ये दाटीने आहे ते मोजायचं, आणि आईचं माहेरचं आडनाव माहीत असेल तर दोन्ही आडनावं जिथे शेजारी येतात त्या दोन-तीन पॅरिश वेगळ्या काढायच्या. आडनाव ‘ओ’ आणि ‘मॅक’ लावून, न लावून, दोन्ही तऱ्हेने शोधा, फेलन आणि व्हेलन हे एकच घराणं असू शकतं.

मग चर्चची रजिस्टर. २०१५ पासून आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर कॅथलिक पॅरिशची साधारण १८८० पर्यंतची पानं फुकट आहेत. पण इथे एक मोठी चूक होते. पश्चिमेकडच्या बऱ्याच पॅरिशची रजिस्टर १८२० किंवा १८३० च्या पुढेच सुरू होतात, तुमचा माणूस १८०५ चा असेल तर त्याचा बाप्तिस्मा तिथे असणारच नाही, आणि लोक मग दुसऱ्याच पॅरिशमधला त्या नावाचा मुलगा उचलतात. तसं करू नका. त्याच्या मागच्या धाकट्या भावंडांचा बाप्तिस्मा शोधा, आईबापांची नावं जुळतात का बघा. नावं लॅटिनमध्ये असू शकतात, जोआनेस म्हणजे जॉन, जाकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. होनोरा आणि नोरा एकच, ब्रिजेट आणि बिडी एकच. बाप्तिस्म्याला उभे राहिलेले साक्षीदारही टिपून ठेवा, ते बहुधा मामा, मावशी, काकाच असतात. वयाला पाच वर्षं इकडे, पाच वर्षं तिकडे सूट द्या.

माझा नियम असा की तीन गोष्टी वेगवेगळ्या कागदांवरून जुळल्याशिवाय गाव ‘मिळालं’ म्हणायचं नाही. आईबापांची दोन्ही नावं, भावंडाचं एक तरी नाव, आणि काउंटी. दोनच जुळली तर पेन्सिलने लिहा.

डीएनए टेस्ट सगळ्यात शेवटी. ज्यांच्याशी मॅच येतो त्यांना स्वतःचं टाउनलँड माहीत नसेल तर त्याचा काही उपयोग होत नाही.

टाउनलँड पक्कं झालं की ग्रिफिथच्या नकाशावर प्लॉटचा नंबर बघा आणि तीच जागा १८२९ ते १८४२ च्या दरम्यान मोजलेल्या सहा इंची (एका मैलाला सहा इंच) ऑर्डनन्स, म्हणजे सरकारी मोजणीच्या नकाशावर शोधा, तोही ऑनलाइन फुकट आहे. त्यावर घरंसुद्धा छोट्या छोट्या काळ्या चौकोनांनी दाखवलीत. आमच्या टाउनलँडमध्ये तेव्हा ओढ्याकाठी ओळीने घरं होती, नंतरच्या नकाशात त्यातलं एकच उरलेलं दिसतं. दोन्हींचे प्रिंट काढून सासूबाईंना दिलेत, त्यांनी ते शेजारी शेजारी फ्रेम करून घेतलेत.