विमानतळाकडे धावू नका! परदेशात दंगल पेटल्यावर या चुका टाळा

मी नेपाळच्या सहली नेतो. पशुपतिनाथ, पोखरा, मुक्तिनाथ हा नेहमीचा रस्ता. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांचं आंदोलन पेटलं तेव्हा आमचा ग्रुप काठमांडूत थामेलला होता. नेपाळ असो, ढाका असो नाहीतर कोलंबो, आपली माणसं ठरलेल्या चुका करतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बातमी कळली की बॅगा उचलून विमानतळाकडे पळत सुटणं.

८ सप्टेंबरला संसदेवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, त्या एका दिवसात १९ जण गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओलींनी राजीनामा दिला. आता निवळेल असं सगळ्यांना वाटलं, आणि झालं भलतंच. सिंहदरबार म्हणजे सरकारचं मुख्य सचिवालय पेटलं, संसद पेटली, सर्वोच्च न्यायालयही पेटलं. त्याच दुपारी त्रिभुवन विमानतळ बंद झाला.

आमच्यातल्या एका कुटुंबाचं संध्याकाळचं विमान होतं. काका, काकू आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. विमानतळ बंद आहे असं हॉटेलच्या मॅनेजरने सांगितलं, मीही सांगितलं. काकांचं एकच पालुपद, "अहो, आपण तिथे जाऊन तर बसू. इथे बसून तिकीट फुकट जाईल." हात जोडले तरी ऐकेनात. दुप्पट भाडं देऊन त्यांनी टॅक्सी केली. गौशाळा चौकाच्या अलीकडेच ड्रायव्हरने त्यांना उतरवलं. पुढे टायर जळत होते आणि त्याला स्वतःची गाडी वाचवायची होती. त्यात त्याचं काय चुकलं? तिथून हे तिघं ट्रॉली बॅगा ओढत पायी निघाले. रस्ताभर विटांचे तुकडे, चाकं अडकायला लागली, तेव्हा काकूंनी एक बॅग तिथेच टाकली. शुगरच्या गोळ्या नेमक्या त्याच बॅगेत होत्या. विमानतळाच्या फाटकावर लष्कराचे जवान उभे होते, ते आत सोडेनात. परतायला वाहन नाही आणि रात्री संचारबंदी. एका किराणा दुकानदाराने शटर अर्धं वर करून त्यांना आत घेतलं. तांदळाच्या पोत्यांवर रात्र काढली तिघांनी. त्या दुकानदाराचे उपकार मी विसरणार नाही.

विमानतळ १० तारखेला संध्याकाळी उघडला. आम्ही हॉटेलात थांबलेले लोक नाक्यानाक्यावर जवानांना तिकीट आणि पासपोर्ट दाखवत नीट पोचलो. काकांचं कुटुंबही आमच्याच विमानाने परतलं. म्हणजे एवढी धावाधाव करून ते आमच्या आधी एक तासही घरी पोचले नाहीत.

माझा नियम असा: विमान उडतंय हे कंपनीकडून कळल्याशिवाय हॉटेलचा उंबरठा ओलांडायचा नाही. तिकीट फुकट जाईल ही भीती बहुतेक वेळा खोटी असते. विमानतळच बंद असेल तर कंपन्या तारीख बदलायचे पैसे सहसा माफ करतात, वर जादा विमानंही सोडतात. आणि तिकीट छापून कागदावर ठेवा. नाक्यावर तुमच्या फोनचा चार्ज संपलाय हे ऐकायला कुणाला वेळ नसतो. रस्त्याने सोनौलीला, म्हणजे भारताच्या सीमेवर, जाऊ म्हणणाऱ्यांनाही हेच लागू. त्या दिवसांत तुरुंग फुटले होते, हजारो कैदी बाहेर होते, आणि ही मंडळी रात्रीची जीप शोधत होती!

दुसरी चूक, सगळा संपर्क व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवणं. नेपाळ सरकारने ४ सप्टेंबरला २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली, त्या यादीत व्हॉट्सअ‍ॅपही होतं. ८ तारखेच्या रात्री बंदी उठली, पण मधल्या काळात घरच्यांचे जीव टांगणीला लागले. बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये तर इंटरनेटच बंद केलं होतं. तिथे एमबीबीएस करणारी आपली मुलं आखौरा, डावकीच्या सीमेवरून परतली, आणि त्यांच्या आईवडिलांना धड फोनही लागत नव्हता. म्हणून उतरल्या उतरल्या तिथलं सिम घ्या. नेपाळमध्ये एनटीसी किंवा एनसेल. साधा कॉल आणि एसएमएस चालतोय ना, ते पहिल्याच दिवशी बघा. घरातल्या एकाच माणसाला रोज ठरावीक वेळी कळवायचं, बाकीच्या नातेवाइकांना तो सांगेल. भारतीय दूतावासाचे नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

हॉटेल निवडताना लोक नाश्ता बघतात, जागा बघत नाहीत. मंत्र्यांचे बंगले, संसद, पक्षांची कार्यालयं यांच्या जवळ राहू नका. मोठं हॉटेल म्हणजे सुरक्षित, हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. काठमांडूचं हिल्टन ९ तारखेला जाळलं गेलं. दुसऱ्या एका बड्या हॉटेलला आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यावरून खाली उतरताना एका भारतीय महिलेचा जीव गेला. मी पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरच खोल्या मागतो आणि सामान ठेवायच्या आधी जिना कुठे उघडतो ते सगळ्यांना चालून दाखवतो. लोक कंटाळतात. कंटाळू देत.

"आधार आहे ना, चालेल." नाही चालत! विमानाने नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधारची सवलत फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना आहे. कागद हरवले तर दूतावास तात्पुरतं प्रमाणपत्र देतो, पण संचारबंदीत काठमांडूतल्या लैनचौरच्या दूतावासापर्यंत जाणार कसे? झेरॉक्स वेगळ्या बॅगेत ठेवा.

गच्चीवर किंवा खिडकीत उभं राहून व्हिडिओ काढू नका. खालच्या जमावाला तुम्ही पर्यटक आहात की पोलिसांचे खबरे, हे कळत नाही. आपण भारतीय, आपल्याला कोण हात लावणार, याही भ्रमात राहू नका. ५ ऑगस्ट २०२४ ला ढाक्यात आपल्या इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्राची नासधूस झाली होती.

तिथल्या राजकारणावर टॅक्सीत, चहाच्या टपरीवर एक शब्द बोलायचा नाही.

एटीएम बंद पडतात, म्हणून तिथल्या चलनातली रोकड चार दिवस पुरेल एवढी जवळ ठेवा.

बीपी-शुगरच्या गोळ्या ट्रॉलीत नाही, खांद्यावरच्या पिशवीत. आठवडाभराच्या जास्तीच्या घ्या.

विमा काढताना दंगल आणि नागरी अशांतता या शब्दांखाली काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच पॉलिसी तिथेच हात वर करतात. सहल रद्द करायची का, असा प्रश्न पडला, तर परराष्ट्र मंत्रालयाने जाऊ नका असं सांगितल्यावर पैसे मिळतात की नाही, ते एजंटकडून लेखी घ्या. तोंडी "हो हो, मिळतात" म्हणणाऱ्या एजंटवर मी विश्वास ठेवत नाही.