परदेशातल्या गारठ्यात दिवाळीचा किल्ला: माती उभी कशी राहील

‘पुठ्ठ्याचा किल्ला करा आणि रंगवा’ हा सल्ला परदेशातल्या आईबाबांना हमखास मिळतो. तो अजिबात ऐकू नका. कोपरापर्यंत चिखल लागल्याशिवाय मुलांना किल्ल्याची गोडी लागत नाही.

वसुबारसेच्या नऊ-दहा दिवस आधी कामाला लागा. ब्रिटन, कॅनडात तेव्हा बाहेर पाऊस-गारठा असतो, म्हणून किल्ला घरात किंवा गॅरेजमध्ये, खिडकीपाशी करा. ३ बाय २ फुटांची प्लायची फळी, तिच्यावर जाड प्लॅस्टिक. पहिल्या वर्षी राजगडच घ्या: मधोमध बालेकिल्ला, भोवती पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. आकार सोपा आहे आणि नावं मुलांच्या तोंडी चटकन बसतात. आतून विटा, दगड, पालथी बादली, वरून गोणपाट. बागकामाच्या दुकानात थंडीत झाडांना गुंडाळायला विकतात तेच.

आता माती. बहुतेकांचा किल्ला इथेच ढासळतो. दुकानातलं कुंडीत भरायचं मिश्रण ही माती नव्हेच. तो कुजलेला पाला आणि लाकडाचा भुसा. त्याला चिकटपणा नसतो. ओलं असताना उतारावरून घसरतं, सुकलं की भुरभुर ओघळतं. परसात खणा. वरचा वीतभर काळा थर बाजूला काढा आणि खालची पिवळट, जड माती घ्या. चिमूटभर ओली करून पेन्सिलीएवढी वळी वळा आणि बोटाभोवती गुंडाळा. तुटली नाही तर माती चांगली. तुटली, किंवा परसच नसेल, तर साध्या बागेच्या मातीत हस्तकलेच्या दुकानातली कुंभारमाती मळून घाला आणि वळी पुन्हा करून बघा.

पण नुसती चिकणमातीही चालत नाही. ती सुकताना आकसते आणि बुरुजाला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. चार घमेली मातीला एक घमेलं वाळू आणि एक घमेलं बारीक कापलेलं वाळकं गवत घाला. हे गवत सशांच्या खाद्यात मिळतं. गावाकडे भिंतीच्या मातीत भुसा कालवतात तो याचसाठी: काड्या माती धरून ठेवतात. पाणी जपून घाला. गोळा कमरेच्या उंचीवरून सोडला तर नुसता चपटा व्हावा. फुटला तर पाणी कमी, पसरला तर जास्त.

गोणपाट कोरडं कधीच अंथरू नका. ते मातीतलं पाणी शोषून घेतं आणि थर पापुद्र्यासारखा सुटून येतो. पातळ चिखलात बुडवून, ओलं असतानाच सांगाड्यावर टाका. मग पायथ्यापासून वर बोटभर जाडीचा थर द्या. दुसरा थर दुसऱ्या दिवशी, पहिला दमट असताना. लवकर सुकावं म्हणून हीटर लावलात तर वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतली माती ओलीच राहते आणि उतार उभा चिरतो.

तट, बुरूज, पायऱ्या ओल्या मातीतच कोरा.

हिरवळीसाठी मोहरी विसरा, हळीव घ्या. मोहरीचे दाणे उतारावरून घरंगळतात. भिजलेल्या हळिवाला बुळबुळीत चीक सुटतो आणि तो कड्यालाही चिकटतो. दोन चमचे हळीव अर्ध्या वाटी पाण्यात अर्धा तास भिजवा, चमच्याच्या पाठीने विरळ पसरा. दाट लावलं तर बुरशी येते. उबदार खोलीत दोन-तीन दिवसांत मोड येतात, थंड गॅरेजमध्ये दुप्पट वेळ धरा. वसुबारसेच्या आधी सहा दिवस पेरा, रोज फवाऱ्याने पाणी द्या, झारीने नको. उजेड कमी पडला तर कोंब पिवळे, लांबुडके होऊन लोळतात.

मावळे मुलांना उरलेल्या मातीचे करू द्या. महाराजांची मूर्ती मात्र देशातून आणायची, हातातल्या सामानात, कपड्यांत गुंडाळून. पणत्या प्लायच्या कडेला ठेवा, गडावर नको: गोणपाटाची उघडी राहिलेली कड सुकली की झटकन पेटते.