गुडघेदुखीसाठी हळद: घ्यायची कशी, चुकतं कुठे

नागपूरच्या इतवारी बाजारात गेलात तर तयार पूड नको, वायगावची हळकुंडं मागा. वर्धा जिल्ह्यातली ही हळद. साध्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला गुणकारी पिवळा घटक, 3 टक्क्यांच्या आसपास, हिच्यात जवळजवळ दुप्पट. पूडच घ्यायची तर चमचाभर पूड ग्लासभर पाण्यात टाकून बघा: शुद्ध पूड तळाशी बसते, वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गर्द पिवळं झालं तर रंग मिसळलाय.

अर्धा चमचा तूप मंद आचेवर वितळवा, त्यात अर्धा चमचा हळद जेमतेम 10 सेकंद परता. जळली की कडू होते, मग गूळ कितीही घाला, उपयोग नाही. लगेच कपभर दूध आणि 3 कुटलेले मिरे घालून 4 मिनिटं उकळा. तूप-मिरे चवीपुरते नाहीत. त्यांच्याशिवाय कर्क्युमिन अंगी फारसं लागत नाही.

तरी या कपात कर्क्युमिन 100 मिलिग्रॅमही भरत नाही, कॅप्सूलमध्ये बहुधा 500. त्यामुळे दुखणं आठवड्यात पळेल अशी आशा नको. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच. गुडघा सुजून गरम लागत असेल तर हळदीवर दिवस काढू नका. स्मरणशक्तीसाठी म्हणून हळद घेणाऱ्यांना सध्या तरी ठोस आधार नाही.