माहितीपर उताऱ्याची मांडणी मुलांना कशी शिकवावी

गोष्ट वाचताना पुढे काय झाले याची उत्सुकताच मुलाला शेवटपर्यंत नेते. परिसर अभ्यासाच्या पाठात अशी ओढ नसते. तिथे वाट दाखवण्याचे काम मांडणी करते, आणि ती ओळखता आली नाही की चौथी-पाचवीतले अस्खलित वाचणारे मूलही प्रत्येक वाक्य सारख्याच महत्त्वाचे मानून पाठांतराला लागते. मांडणीच्या प्रकारांची (क्रम, वर्णन, तुलना, कार्यकारण) नावे फळ्यावर लिहून आरंभ करू नये असे माझे ठाम मत आहे, कारण मुले ती नावेही पाठ करतात आणि उतारा तसाच राहतो.

आरंभ कागदाच्या पट्ट्यांनी करावा. पाच वाक्ये पाच पट्ट्यांवर लिहावीत: मादी फुलपाखरू पानावर अंडी घालते, काही दिवसांनी अंड्यातून अळी बाहेर येते, अळी पाने खाऊन वाढते आणि कात टाकते, मग तिचा कोश होतो, शेवटी कोशातून फुलपाखरू बाहेर पडते. पट्ट्या मिसळून मुलांना जुळवायला द्याव्यात. दुसऱ्या दिवशी लोणार सरोवराची वाक्ये द्यावीत: लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे; त्याचे पाणी खारट आहे; ते उल्कापाताने झालेल्या विवरात आहे; त्याच्या काठावर जुनी मंदिरे आहेत. फुलपाखराची एकही पट्टी हलवता येत नाही, लोणारची पहिली सोडून बाकीच्या कशाही लावल्या तरी चालतात, आणि पहिली मात्र जागची हलत नाही, कारण 'त्याचे' म्हणजे कोणाचे हे तिच्याशिवाय कळत नाही. हे मुलांनी स्वतः शोधू द्यावे. क्रम आणि वर्णन यांतला फरक हाताला कळला की नाव सांगायला एक मिनिट पुरते.

तुलनेसाठी महाबळेश्वरच्या दोन नद्या घ्याव्यात. सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते, तर कृष्णा पूर्वेकडे सुमारे 1400 किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. इथे 'तर' या शब्दाशी थांबावे. 'पाऊस पडला तर' यातला 'तर' अट घालतो, आणि नद्यांच्या वाक्यातला 'तर' दोन गोष्टी समोरासमोर ठेवतो. खुणेचे शब्द पाठ करून घेण्यापेक्षा त्या वाक्यात ते कोणते काम करतात हे विचारावे.

सर्वांत जास्त वेळ कार्यकारणाला द्यावा, कारण मुले इथेच अडतात. 'नंतर' आणि 'त्यामुळे' हे त्यांना एकच वाटतात. शिवाय मराठीत 'म्हणून' लिहिले की कारण आधी येते, आणि 'कारण' लिहिले की परिणाम आधी येतो. पुढील दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहावीत: 'पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात आणि बराचसा पाऊस त्याच्या पश्चिमेलाच पडतो, म्हणून माण तालुक्यात पाऊस कमी पडतो.' 'माण तालुक्यात पाऊस कमी पडतो, कारण पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात आणि बराचसा पाऊस त्याच्या पश्चिमेलाच पडतो.' दोन्हींत आधी काय घडले ते मुलाला बोटाने दाखवायला सांगावे. दुसऱ्या वाक्यात बोट मागून पुढे येते, आणि ते येऊ लागले की पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या प्रदेशाचा, पाठ समजू लागतो.

पाठ वाचण्यापूर्वी शीर्षक, उपशीर्षके, चित्रांखालच्या ओळी आणि चौकटी पाहून घ्याव्यात, आणि प्रत्येक उपशीर्षकाचा प्रश्न करावा. 'पाण्याचे प्रदूषण' याचा 'पाणी कशाने प्रदूषित होते?' असा प्रश्न झाला की पुढचा मजकूर कारणे सांगणार असा अंदाज बांधता येतो. अंदाज चुकला तर फार उत्तम, कारण मग मूल लेखकाने काय केले ते नीट पाहते.

खऱ्या पाठात एकच मांडणी क्वचितच सापडते. वर्णनाने सुरू झालेला परिच्छेद मध्येच कारणाकडे वळतो, आणि त्या वळणावर मुलाने पेन्सिलीने आडवी रेघ मारावी. संपूर्ण पाठाला एकच नाव देण्याचा आग्रह धरू नये.

हे जमू लागले की मुलांना एकाच विषयावर दोनदा लिहायला सांगावे: एकदा भाकरी कशी करतात ते, आणि एकदा भाकरी व पोळी यांत काय फरक आहे ते. मग दोन्ही लेखनांच्या पट्ट्या कापून त्यांनी त्या शेजारच्या मुलाला जुळवायला द्याव्यात.