जुन्या ढंगाची वेबसाइट मोबाइलवर नीट दिसायला काय करायचं?

काळं बॅकग्राउंड, चमचमणारे तारे, सरकत जाणारं 'सुस्वागतम' आणि तळाला व्हिजिटर काउंटर, असली साइट बनवायची मजा लोकांना परत लागलीये. अशा साइट्स फुकटात ठेवायची जुनी सेवा, जिओसिटीज, 2009 मध्ये बंद पडली, पण 2013 पासून निओसिटीज आहे, तिथे फुकटात जागा मिळते. फक्त बघणारा आता सायबर कॅफेत बसलेला नाही, तो विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने स्क्रोल करतोय. तारे राहू देत, त्याला वाचता येईल एवढं बघायचं.

आधी सगळ्या फाइल्सची कॉपी काढून ठेवा.

मग पानाच्या एचटीएमएल कोडमधल्या हेड भागात व्ह्यूपोर्टचा (पान किती रुंद धरायचं ते फोनला सांगणारा) मेटा टॅग टाका, विड्थ डिव्हाइस-विड्थ आणि इनिशियल-स्केल 1. हा नसला की फोन समजतो आपण साधारण 980 पिक्सेल रुंद आहोत आणि अख्खं पान आक्रसून मुंगीएवढं दाखवतो. अर्धं काम इथेच होतं.

आता जिथे जिथे 800 पिक्सेल रुंदी ठोकून दिलीये तिथे सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, मॅक्स-विड्थ 800 पिक्सेल आणि विड्थ 100 टक्के करा, फोटोंना पण मॅक्स-विड्थ 100 टक्के. टेबल मोडवत नसेल तर त्याच्याभोवती एक डिव्ह (रिकामा डबा म्हणा) घालून ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या, म्हणजे टेबलच आडवं सरकेल, पान नाही. पिक्सेलवाली छोटी चित्रं मोठी केल्यावर धूसर होतात, त्यांना इमेज-रेंडरिंग पिक्सेलेटेड द्या.

खरी डोकेदुखी मराठी मजकुराची. जुनं पान शिवाजी किंवा तसल्याच फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर फोनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते, कारण आत मुळात तेच कोड आहेत, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा (त्यात मराठी अक्षरांना स्वतःचे कोड असतात), त्या फॉन्टचं नाव टॅगमधून काढा, फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा आणि हेडमध्ये कॅरसेटही (पान कुठल्या कोडने वाचायचं ते) तोच लिहा. नंतर एकदा डोळ्याखालून घालाच! पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं, त्यामुळे कन्व्हर्टर गंडतो तो इथेच, 'सूर्य' आणि 'किल्ला' असले शब्द मुद्दाम तपासा. साइज 16 पिक्सेल ठेवा, लाइन-हाइट 1.6 च्या आसपास, नाहीतर मात्रा आणि उकार एकमेकांत घुसतात.

मजकूर सरकवणारा मार्की टॅग अजून चालतो, लुकलुकवणारा ब्लिंक नाही चालत (बरंच झालं म्हणा). फ्लॅश 2020 च्या शेवटी संपलं, जुना फ्लॅश गेम असेल तर रफल (ब्राउझरमध्ये फ्लॅश चालवणारा एम्युलेटर) लावून बघा, बरेचसे चालतात. पान उघडल्याउघडल्या वाजणारं गाणं मात्र काढाच, बहुतेक ब्राउझर ते असंही अडवतात, प्लेचं बटण द्या. लिंक्स इतक्या चिकटून नकोत की अंगठा भलतीकडेच पडेल.

शेवटी खऱ्या फोनवर उघडा, उभा धरून आणि आडवा करून, आणि शक्यतो घरच्या वायफायवर नाही, मोबाइल डेटावर.