ऑपेराच्या ऑडिशनची तयारी करताय? या चुका टाळा

पंचविशीतला टेनर (उंच पुरुषी आवाजाचा गायक) ऑडिशनला उभा राहतो आणि पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’मधलं ‘नेस्सुन दोर्मा’ सुरू करतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हे गाणाऱ्या नायकाची, कालाफची भूमिका भरगच्च ऑर्केस्ट्रावर गायची असते. त्यासाठी आवाज पिकायला बहुतेकांना तिशी ओलांडावी लागते. तोवर रेटून वरचा सूर लागेलही, पण मधल्या सप्तकाचा कस जातो आणि आवाज डुलायला लागतो. मोझार्टचं ‘दाल्ला सुआ पाचे’ घ्या, दोनिझेत्तीचं ‘ऊना फुर्तीवा लाग्रिमा’ घ्या. जर्मन नाट्यगृहं गायक निवडतात ते ‘फाख’ म्हणजे आवाजाची जात बघून, त्यामुळे ऑडिशनला द्यायच्या यादीतल्या पाचही आरिया (ऑपेरातली एकल गाणी) एकाच फाखच्या हव्यात. पहिली आरिया सहसा तुमच्या पसंतीची असते, दुसरी परीक्षक यादीतून सांगतात. म्हणून सुरुवात हमखास जमणारीने करा आणि न पेलणारी यादीत घालूच नका.

हिंदुस्थानी गाण्यातून आलेल्यांची गाडी दुसरीकडेच अडते. तिथे सा आपण ठरवतो, इथे पट्टी छापलेली असते. सूर झेपत नसेल तर पट्टी उतरवायची नाही, आरिया बदलायची. शिवाय माइक नाही. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण ५०० हर्ट्‌झच्या आसपास असतो आणि पुढे ओसरत जातो. तयार पुरुषी आवाजाला ३००० हर्ट्‌झच्या जवळपास खास उठाव असतो, त्यामुळे तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो. ओरडून हा उठाव येत नाही. स्वरयंत्र सैल, बरगड्या फुललेल्या आणि श्वास जपून सोडलेला, असा रियाज लागतो. टेनरने वर जाताना उघडा ‘आ’ तसाच रेटला की सूर फाटतो. तो किंचित ‘ऑ’कडे झुकवावा.

इटालियन त-द मराठीसारखेच दंत्य, ही आयती कमाई. द्वित्त मात्र सांभाळा: ‘पेना’ म्हणजे दुःख, ‘पेन्ना’ म्हणजे लेखणी.

पियानोवादक तुम्हाला पहिल्यांदाच भेटतो. सुटे कागद किंवा चकाकणारी प्लास्टिकची पाकिटं त्याच्यापुढे ठेवू नका. पाठपोट छापलेली पानं रिंग फाइलमध्ये लावा, गाळलेल्या ओळी ठळक खोडा, लय गुणगुणून सांगा.

घसा दुखत असताना बधिर करणारी गोळी चघळून गाऊ नका, इजा होत असलेली कळतच नाही. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनने स्वरतंतूंत रक्तस्रावाचा धोका वाढतो. घोगरेपणा दोन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्ट्रोबोस्कोपी (स्वरतंतूंची कंपनं दाखवणारी तपासणी) करून घ्या, आणि तोपर्यंत तालमीत पूर्ण आवाज लावू नका.